आलापल्लीचा लोखंडी बुंधा

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पाच-सात वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या एका छोट्या संग्रहालयात गेलं असेल, तर मागच्या दालनाच्या कोपऱ्यात माठातलं पाणी नक्की प्यायलं असेल. तो माठ माझ्या डोक्यावर ठेवलेला होता. पाणी पिताना तुम्ही मला पाण्याची टाकी समजला असाल, किंवा धान्याची कोठी. तुमचा त्यात काही दोष नाही. मी एक जुना लोखंडी बुंधा आहे. माझ्या पोटात धनेश पक्ष्याची मादी बसलेली आहे. ती आणि मी मिळून एकच शिल्प आहोत, म्हणून आमच्या दोघांच्या वतीने मीच बोलतो.

माझा जन्म आलापल्लीचा. तिथे चारी बाजूंनी सागाचं रान आहे, आणि लाकडांनी लादलेले ट्रक दिवसभर चौकातून जात असतात. चौकाच्या कडेला कय्यूम मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रकचा पाटा तुटला, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली, नांगराचा फाळ वाकला, की माणसं त्याच्याकडे येत. तो कमी बोलायचा. मोडलेली वस्तू हातात घेऊन आधी बराच वेळ तिच्याकडे बघत बसायचा, आणि मगच वेल्डिंगची बत्ती पेटवायचा.

दुकानाच्या मागे त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. एक्याऐंशी साली त्याच्या बायकोला, साबिराला, क्षय झाला. डॉक्टरांनी रोज एक सुई आणि पुष्कळ गोळ्या लिहून दिल्या, आणि काही दिवस वेगळं राहायला सांगितलं. नातेवाइकांनी त्या काही दिवसांचे महिने केले. मागच्या खोलीचं दार बाहेरून लोटलं गेलं, ते उघडायला कोणी तयार होईना. खोलीला रस्त्याकडे एक अरुंद खिडकी होती, तिला आडव्या सळ्या होत्या. कय्यूम दोन्ही वेळा त्या खिडकीशी उभा राही आणि भाकरीचे तुकडे, पेज, पिकलेलं सीताफळ असं काही ना काही सळ्यांमधून आत देई. साबिरा आत खाई, तो बाहेर उभ्याने खाई. सात महिने त्यांचं जेवण असंच झालं.

त्याच उन्हाळ्यात भामरागडच्या वाटेवर एक ट्रक मोडून पडला आणि कय्यूमला तिकडे जावं लागलं. सामान येईपर्यंत दोन दिवस तो जंगलात अडकला होता. समोर बेहड्याचं मोठं झाड होतं. त्याच्या ढोलीशी एक धनेश पुन्हा पुन्हा येई, चोचीतलं उंबर ढोलीच्या फटीत सरकवी आणि उडून जाई. आतून फक्त दुसऱ्या चोचीचं टोक दिसे. बरोबरच्या माडिया माणसाने त्याला समजावून सांगितलं. अंडी घालायच्या वेळी मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, चिखलाने आणि विष्ठेने तोंड लिंपून टाकते, फक्त एक फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून भरवतो. तो मेला तर आत तिची उपासमार होते.

कय्यूम घरी आला तो थेट खिडकीशी गेला.

"तिकडं एक बाई पाहून आलो," तो साबिराला म्हणाला, "तुह्यासारखीच कोंडलेली."

मग त्याने सगळं सांगितलं, आणि साबिरा खूप दिवसांनी हसली. हे मला ठाऊक आहे, कारण ज्यातून मी पुढे घडलो ते डांबराचं पिंप तेव्हा त्या खिडकीखालीच पडलेलं होतं. पुढच्याच साली गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला, नवे रस्ते सुरू झाले, आणि तशी पिंपं वाटेवाटेला लोळू लागली. पण मी त्यांतलं पहिलं.

साबिरा बरी झाली. दार उघडलं गेलं. ती दुकानात येऊन बसू लागली, आणि कय्यूमने मला बनवायला घेतलं.

आता इंदुताईंबद्दल सांगायला हवं. त्या गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मूळच्या कुरखेड्याच्या, वडील शेतमजूर. त्यांनी लेकीला नागपूरला चित्रकलेच्या शिक्षणाला पाठवलं होतं. सायकलचं कॅरिअर जोडून घ्यायला त्या दुकानात आल्या, आणि कोपऱ्यात अर्धवट वळवलेला माझा पत्रा पाहून तिथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रांचं एक जाड पुस्तक आणलं. कय्यूमला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या तोंडीच सांगत. काही चित्रकार झाडाचं चित्र काढत नाहीत, झाडावर पडलेल्या उन्हाचं काढतात. काहींच्या चित्रात वस्तूच नसते, नुसता रंग असतो आणि त्यातून मनातलं सांगायचं असतं. आणि काही जण एकच माणूस पुढून, मागून, बाजूने असा एकदम दाखवतात, म्हणून त्याचं नाक इकडे आणि डोळा तिकडे दिसतो.

हे ऐकून दुकानात बसलेले ड्रायव्हर हसले. कय्यूम हसला नाही. तो म्हणाला, "इंजिन खोलून पोत्यावर मांडलं का असंच दिसते, बाई. सारे भाग एकाच टायमाले समोर. यात इचित्र काऊन वाटते लोकायले?"

 पुढे इंदुताई म्हणायच्या, की सगळ्या बाजू एकदम दाखवणारा तो घनवाद त्यांना कॉलेजात चार वर्षांत कळला नव्हता, तो त्या दिवशी कळला.

माझं काम चार महिने चाललं. पिंप उघडून, ठोकून, त्याचा बुंधा वळवला. साल म्हणून लाकूड कापायच्या करवतीची झिजलेली पाती डागली. आतली मादी त्याने वेगळी घडवली. चोचीला विळ्याची दोन पाती, मानेला सायकलची साखळी, डोळ्याला बेअरिंगचा छर्रा. मला माथ्यावर बारीक छिद्रं ठेवली, म्हणजे वरचा उजेड तिच्या डोळ्यावर पडावा. समोर एक उभी फट, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब. जरा वाकून डोळा लावला तरच आतली दिसे. सगळं झाल्यावर त्याने पहिल्यांदा साबिराला बोलावलं.

तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग विचारलं, "हिचा नवरा कुठी हाये? तो तं केलाच नाई तुमी."

"जो पाहील तो," कय्यूम म्हणाला.

मित्रांनो, एवढीच माझी घडण. माझा अर्थ आजवर पुष्कळांनी समजावून सांगितला, पण यापेक्षा जास्त कोणी काही सांगितलं नाही.

त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या त्या संग्रहालयात आधुनिक कलेचं प्रदर्शन भरलं. इंदुताईंनी खटपट केली आणि मला लाकडाच्या ट्रकमधून तिकडे नेलं. चढवायला सहा माणसं लागली. संग्रहालयात पुढच्या दालनात दगडी मूर्ती, वीरगळ, जुनी नाणी आणि शिलालेखांचे ठसे होते. मागच्या दालनात अकरा चित्रं लावली होती आणि मधोमध मी. कय्यूम आणि साबिरा पहिल्या दिवशी आले होते. कय्यूमने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. जिथे तिथे 'हात लावू नये' असं लिहिलेलं होतं. इंदुताईंनी ते वाचून दाखवल्यावर तो माझ्यापासूनसुद्धा दोन पावलं लांब उभा राहिला.

संग्रहालयाचे प्रमुख वामनराव हे शिलालेखांचे मोठे जाणकार. झिजलेलं अक्षर ते बोटाने चाचपून ओळखत. माणूस सज्जन, पण नवीन कलेवर त्यांचा विश्वास नव्हता. मागच्या दालनातून ते भराभर चालत, जसं आपण कोणाच्या भांडणाजवळून जातो. मला त्यांनी लांबूनच पाहिलं.

मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पहारेकरी सुकलूने. तो मोहर्लीकडचा गोंड. सकाळी झाडायला आला, फट दिसली, डोळा लावला आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला. "धनेश हाये," एवढंच तो म्हणाला, कोणीही सांगितलेलं नसताना. त्याच दिवशी एका प्राध्यापकांनी माझ्यासमोर अर्धा तास भाषण केलं. यंत्रयुगातल्या माणसाचं रितेपण माझ्यात कसं दिसतं, हे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं. माझ्यात डोकावायचं तेवढं राहून गेलं.

प्रदर्शन संपलं. चित्रकार आपापली चित्रं काखेत मारून घेऊन गेले. मी जड. मला न्यायला जो ट्रक यायचा होता तो आला नाही, म्हणून मला तात्पुरतं तिथेच ठेवायचं ठरलं. मित्रांनो, तात्पुरतं हा शब्द तुम्ही वस्तूंच्या बाबतीत जपून वापरा. माणूस तो बोलून निघून जातो. वस्तू त्यातच राहते. इंदुताईंची बदली कुरखेड्याला झाली. कय्यूमच्या डोळ्यांपुढे तेव्हाच काळे ठिपके यायला लागले होते, हे मला फार पुढे कळलं.

तरी पहिलं वर्ष बरं गेलं. चैत्रात महाकालीची यात्रा भरते तेव्हा लांबलांबून माणसं येतात, आणि दर्शन झालं की संग्रहालयातही शिरतात. ती माणसं चपला बाहेर काढून आत येत. दगडी मूर्तींपुढे हात जोडत. मागच्या दालनात मला पाहून काही जण बुचकळ्यात पडत, आणि मग सुकलू त्यांना खुणेने वाकायला सांगे. एका म्हातारीने आत बघितलं, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि देवीच्या प्रसादाचे चार चुरमुरे फटीतून आत टाकले. तिला कोणी काही समजावलं नव्हतं. सुकलूने दुसरीकडे तोंड फिरवलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

तिचं बघून दुसऱ्याने टाकले. मग टाकण्याची रीतच पडली. पुढे चुरमुऱ्यांच्या जागी भुईमुगाची टरफलं आली, तिकिटांचे तुकडे आले, आणि एके दुपारी कोणीतरी जळती विडी टाकली. आतला कचरा पेटला. माझ्या माथ्याच्या छिद्रांतून धूर निघू लागला. शेजारच्या खोलीत वामनरावांची हस्तलिखितं होती. ते धावत आले, चेहरा पांढरा पडलेला. सुकलूने बादलीभर पाणी ओतून आग विझवली. वामनरावांनी तिथल्या तिथे सांगितलं, की ही भानगड पत्रा ठोकून बंद करा.

"साहेब, आत पक्षी हाये," सुकलू म्हणाला.

"मग तो आधी बाहेर काढ आणि नंतर बंद कर."

"तो निघत नाई, साहेब."

वामनराव घाईत होते. त्यांनी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. दुसऱ्या दिवशी एक कारागीर आला आणि त्याने फटीवर पत्रा ठेवून सहा रिबिटं मारली. प्रत्येक घावासरशी आतली साखळी थरथरत होती.

फट होती तोवर मी घरटं होतो. फट बुजली आणि मी कोठडी झालो. सुरुवातीला माथ्याच्या छिद्रांतून थोडा उजेड यायचा. पुढच्या वर्षी इमारतीला रंग द्यायचं काम निघालं. दारं-खिडक्यांना लावून हिरवा ऑइलपेंट उरला होता. रंगाऱ्याने विचारलं, ही टाकी पण रंगवू का, आणि कोणीतरी हो म्हणालं. माझी करवतीच्या पात्यांची साल, माझी छिद्रं, सगळं त्या हिरव्या रंगाखाली गेलं. मग मला कोपऱ्यात ढकललं, फटीची बाजू भिंतीकडे करून, आणि डोक्यावर माठ ठेवला. त्या दिवसापासून मी टाकी झालो.

आत पूर्ण अंधार होता. माठ पाझरायचा, आणि कुठल्याशा सांध्यातून पाण्याचा थेंब थेट मादीच्या पाठीवर पडायचा. एक थेंब, मग पुष्कळ वेळाने दुसरा. मला बाहेरचं फक्त ऐकू यायचं. पेल्याची साखळी वाजे, पावलं येत, पाणी घटाघटा प्यायल्याचा आवाज होई, पावलं जात. माणसं माझ्यापासून एक हातावर उभी राहून बोलत. उन्हाबद्दल, बसच्या वेळेबद्दल, संग्रहालयात बघण्यासारखं काही नाही याबद्दल. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मी लोखंड. मला फक्त गंजता येतं. अशी तीन वर्षं मी गंजत उभा होतो. बाहेर कधी पावसाळा आला आणि कधी गेला, ते मला फक्त थेंबांच्या वेगावरून समजे.

रोज सकाळी झाडताना सुकलू माझ्या अंगावर दोनदा बोटं वाजवी.  त्या अंधारात तेवढीच काय ती माझी ओळख उरली होती.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत संग्रहालयातल्या निरुपयोगी सामानाची यादी झाली. मोडकी कपाटं, फुटक्या काचा, आणि शेवटी 'लोखंडी टाकी, एक'. हे सगळं भंगारात जायचं होतं. यादी वाचली जात असताना सुकलू तिथेच उभा होता. त्याने वामनरावांना पुन्हा एकदा सांगायचा प्रयत्न केला. वामनराव शांतपणे म्हणाले, की ही वस्तू कोणाची, कोणी दिली, कुठल्या काळातली, याचा एकही कागद नाही; कागद असता तर गोष्ट वेगळी. हे खरंच होतं. तात्पुरत्या वस्तूचा कागद कोण करतं?

सुकलूने तीन दिवसांची रजा टाकली. त्याला इंदुताईंचं आडनाव माहीत नव्हतं. चित्रं शिकवणाऱ्या बाई कुरखेड्याला गेल्या एवढंच ठाऊक होतं. दोन बस बदलून तो कुरखेड्याला पोचला आणि शाळा सुटताना फाटकाशी जाऊन उभा राहिला. इंदुताईंनी त्याला ओळखलं नाही. "बाई, तुमचा धनेश भंगारात चालला," तो म्हणाला, तेव्हा त्यांनी ओळखलं. त्या तशाच आलापल्लीला गेल्या.

शनिवारी दुपारी ते सगळे आले. मी आतून पावलं मोजली. सुकलूची पावलं मला पाठ होती. इंदुताईंच्या चपलांचा आवाज आठवला. आणखी दोघांची पावलं होती, एकाला एक लागून, जशी एकाच माणसाची असावीत. ती कय्यूम आणि साबिराची होती. कय्यूम तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. वेल्डिंगच्या उजेडाने त्याचे दोन्ही डोळे गेले होते. दुकान बंद पडलं होतं. साबिरा गावात शिवणकाम करत होती.

सुकलूने माठ उतरवला. कय्यूमने हात पुढे केला, आणि मग मध्येच थांबवला.

"हात लावू का, साहेब?" त्याने विचारलं.

वामनराव गोंधळले. मग लावा म्हणाले.

मित्रांनो, चार वर्षांनी त्याचे तळवे माझ्यावर पडले. ते माझ्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरले आणि त्याचा चेहरा पडला. "हा रंग माहा नाई," तो म्हणाला. त्याची बोटं मागे गेली, पत्र्यावर आली, रिबिटांवर आली. त्याने सहाही मोजली. ती त्याला फार लागली असावीत, कारण तो कपाळ माझ्या अंगाला टेकवून तसाच उभा राहिला.

वामनरावांनी अडचण सांगितली. त्यांच्या आवाजात तिरस्कार नव्हता. ते म्हणाले, की उद्या दुसरा कोणी येऊन हे माझं म्हणेल. ही वस्तू तुम्हीच केली, हे मी कशावरून मानू?

"आत काय हाये ते सांगतो," कय्यूम म्हणाला. "मंग पत्रा काढा. खोटं निघालं तं भंगारात टाका."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. चोच विळ्याच्या दोन पात्यांची, वरच्या पात्याची धार घासून बोथट केलेली. मान सायकलच्या साखळीची, कड्या अकरा. डोळा एकच, बेअरिंगच्या छर्ऱ्याचा. दुसरा लावलाच नाही, कारण तो खोडाकडे असल्यामुळे कोणाला दिसणार नव्हता. शेपटीच्या बुडाशी जोड फसला होता आणि तो दोनदा भरला, तिथे सुपारीएवढी गाठ जमलेली आहे. तो इतक्या सावकाश बोलत होता, की जणू ती त्याच्यासमोर बसलेली होती आणि तो तिच्या एकेका अवयवाला नाव घेऊन हाक मारत होता.

सगळ्यांनी मिळून मला भिंतीपासून ओढून फिरवलं आणि सुकलूने छिन्नी आणली. कय्यूमने रिबिटाच्या कडेला बोट लावून दाखवलं, इथी मार, तिरपं मार. सहा रिबिटं उडाली, पत्रा खाली पडला, आणि माझ्या आत उजेड आला. तो उजेड कसा होता, ते मला सांगता येणार नाही.

वामनरावांनी विजेरी घेतली आणि ते वाकले. आधी त्यांनी तपासणीसारखं पाहिलं. कड्या मोजताना ओठ हलत होते. चोच पाहिली, गाठ पाहिली. अकरा झाल्यावरही ते उठले नाहीत. विजेरीचा उजेड छर्ऱ्यावर स्थिर झाला, आणि शेवटी त्यांनी विजेरी विझवली व तसेच, नुसत्या डोळ्याने बघत राहिले. उठले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"तीन वर्षं मी रोज इथे पाणी प्यायलो," ते म्हणाले. 

मग त्यांनी विचारलं, की तुम्हाला हे घरी न्यायचं आहे का. आता ते अडवणार नव्हते, ट्रकही बघून देणार होते. कय्यूमने चटकन होकाराची मान हलवली. त्याला मी हवा होतो. ज्याचे डोळे गेलेत त्याला स्वतःचं केलेलं निदान हाताखाली तरी हवं असतं, हे मी समजू शकतो, आणि मलाही जायचं होतं. त्या हिरव्या रंगात, त्या कोपऱ्यात मला एक दिवसही राहायचं नव्हतं. पण साबिरा मध्येच बोलली.

"घरी नेलं तं हे आपल्या एकल्यासाठी होईन," ती कय्यूमला म्हणाली. "सात महिने मले एकल्या तुमीच पाह्यलं. ते पुरलं. पण दुसऱ्या कोणी डोकावलं असतं तं लय बरं वाटलं असतं मले."

कय्यूमचा हात माझ्यावरच होता. तो पुष्कळ वेळाने सुटला. "कोपऱ्यात नका ठेवू मंग," तो वामनरावांना म्हणाला.

मला खरवडायला आठ दिवस लागले. सुकलू आणि इंदुताईंनी काचपेपरने हिरवा रंग काढला. कय्यूम जवळ बसून बोटाने सांगत होता, इथी अजून राह्यला. माथ्याची छिद्रं त्याने स्वतः तारेने मोकळी केली. मला दालनाच्या मधोमध उभं केलं, आणि वामनराव कागद-पेन घेऊन बसले. माझा कागद आता व्हायचा होता. कलाकाराचं नाव, गाव, साल, साहित्य, हे सगळं भरून झालं. शैलीच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. इंदुताई म्हणाल्या, की अमूर्त म्हणता येईल, पण पूर्ण अमूर्तही नाही. तुकडे जोडून केलेलं म्हणून जोडशिल्प लिहिता येईल. दोघांची चर्चा रंगली. शेवटी वामनरावांनी कय्यूमलाच विचारलं, की पाटीवर काय लिहू?

"आत पाहा," कय्यूम म्हणाला. "एवढंच लिहा, साहेब."

तसंच लिहिलं. ती पाटी वामनरावांनी स्वतःच्या हाताने रंगवली, आणि शिलालेखातली अक्षरं काढावीत तशी ती अक्षरं काढली.

मित्रांनो, मी अजूनही त्याच दालनात आहे. माझे पाय जमिनीत बोल्टने आवळलेले आहेत, मादी माझ्या पोटात डागलेली आहे, आणि संध्याकाळी दारं लागली की आम्ही दोघं कुठेही जाऊ शकत नाही. आमचं कोंडणं संपलेलं नाही. ते आमच्या घडणीतच आहे. पण सुटण्यासाठी आम्हाला दार नको असतं. आम्हाला फक्त एक माणूस लागतो, तोही मिनिटभर.

म्हणून एवढंच मागतो. तुम्ही संग्रहालयात जाल, तेव्हा धावत जाऊ नका. चित्र समजलं नाही तर लाजू नका आणि हसूही नका. थोडा वेळ त्याच्यासमोर उभे राहा, ते उलट काय विचारतं ते बघा. जुन्या वस्तूला रंग फासण्याआधी, तिच्यावर काही ठेवण्याआधी, ती कोणी केली हे कोणाला तरी विचारा. जो रोज झाडतो त्याला आधी विचारा, कारण त्याला बहुधा ठाऊक असतं. आणि कुठे काही बंद, मुकं, निरुपयोगी उभं असलेलं दिसलं, मग ती वस्तू असो की माणूस, तर जाता जाता जरा वाका.

आतलं कोणीतरी केव्हाचं बाहेर बघत असतं.